गावाचा जुना ठेवा कुठं ठेवावा: इंटरनेट आर्काइव्ह की विकिमीडिया कॉमन्स?

स्कॅनिंग हा या कामातला सोपा भाग. मोबाइल बरा असला, खिडकीपाशी उजेड असला आणि हात स्थिर असला की जुने फोटो, लग्नपत्रिका, जिनिंगच्या पावत्या, शाळेच्या स्मरणिका यांच्या फाइली भराभर तयार होतात. अडतं ते त्यानंतर. एवढं सगळं ठेवायचं कुठं? दारव्हा, दिग्रस, मूर्तिजापूर, मंगरूळपीर इकडून कोणी ना कोणी हे विचारत असतं, म्हणून आम्ही कारंज्यात काय निवडलं आणि कशापायी, ते नीट लिहून काढतो.

कारंजा म्हणजे कारंजा लाड, वाशीम जिल्ह्यातलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमचा निर्णय शेवटी याच गोष्टीवर ठरला.

कारंज्याचा मोठा इतिहास तसा सुरक्षित आहे. 1670 मध्ये मराठ्यांच्या फौजेनं या पेठेवर छापा घातला तेव्हा ती वऱ्हाडातल्या श्रीमंत बाजारपेठांपैकी एक होती, हे इतिहासाच्या पुस्तकांत आहे. नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान म्हणून दत्तभक्त इथं येतात, त्यावरही पुष्कळ लिहिलं गेलंय. इथल्या जैन ग्रंथभांडारांतल्या पोथ्यांच्या आधारे पुष्पदंत या जुन्या जैन कवीची अपभ्रंश भाषेतली काव्यं 1930 च्या दशकात संपादित होऊन छापली गेली. त्यात अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांचं काम मोठं. या गोष्टी जपायला विद्वान माणसं होती. आमच्याकडं गोळा झालेला ठेवा वेगळा आहे. शकुंतलेच्या, म्हणजे इथल्या नॅरोगेज रेल्वेच्या, फलाटावर कापसाच्या गाठींवर बसलेले हमाल, जिनिंग-प्रेसिंगच्या आवारातले समूहफोटो, पोळ्याला सजवलेल्या बैलजोड्या, वेशीखालचा बाजार, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका. हे कुठल्याही गॅझेटिअरात, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, नाही. घराची आवराआवर झाली की ते रद्दीत जातं, आणि गेलं की गेलंच.

व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक यांवर फार शाई खर्च करत नाही. फेसबुकवर गावाचा गट चांगला रंगतो, फोटो टाकला की तासाभरात चार जण नावं सांगतात. पण तीच पोस्ट वर्षानं शोधायला गेलं तर सापडत नाही, फोटोही बारीक होऊन बसलेला असतो. गूगल ड्राइव्ह कामापुरतं उत्तम, पण तो साठा एका माणसाच्या खात्यावर असतो. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलनं 2023 पासून लागू केलंय, आणि गावाचा ठेवा गोळा करणारी माणसं बहुतेक उतारवयातली असतात.

स्वतःची वेबसाइट हा पर्याय मोहात पाडणारा. त्यासाठी ओमेका नावाची मोफत प्रणाली आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास केंद्रानं ती 2008 मध्ये आणली, ग्रंथालयं आणि संग्रहालयं डोळ्यांसमोर ठेवून. मांडणी तिथं जितकी देखणी होते तितकी दुसरीकडं कुठंच होत नाही, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. विषयवार दालनं करता येतात, नकाशा जोडता येतो. पण डोमेनचं नूतनीकरण, होस्टिंगचं बिल आणि प्रणाली वेळच्या वेळी अद्ययावत करणं ही कामं दरवर्षी कोणीतरी आठवणीनं करायला हवीत. शेजारच्या एका तालुक्यात अशी साइट होती. ती बनवणारा मुलगा पुण्याला नोकरीला लागला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिल्या आणि साइट गेली. वेबॅक मशीनवर, म्हणजे जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या सेवेवर, तिची काही पानं अजून दिसतात, फोटो बहुतेक नाहीत. ज्यांच्यामागं महाविद्यालय किंवा भक्कम संस्था आहे त्यांनी ओमेकाचा विचार जरूर करावा. आमच्यामागं तसं कोणी नव्हतं.

राहता राहिले दोन पर्याय.

इंटरनेट आर्काइव्ह

1996 पासून चालू असलेली ही संस्था म्हणजे इंटरनेटवरचं मोफत ग्रंथालय, आणि वऱ्हाडाच्या इतिहासावर काम करणाऱ्या कोणालाही तिचा उंबरठा ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. 1870 चं वऱ्हाडचं गॅझेटिअर असो की विसाव्या शतकाच्या सुरुवातीची जिल्हा गॅझेटिअरं, आम्ही ती तिथंच वाचली. त्यामुळं आपलाही ठेवा तिथंच ठेवावा असं वाटणं साहजिक आहे, आणि त्यात चूक काहीच नाही.

तिची सर्वांत मोठी सोय ही की ती कशालाच नाही म्हणत नाही. पीडीएफ, फोटो, मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज, लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेली फीत, जे असेल ते घेते. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवते आणि बघण्यासाठी हलक्या प्रती आपल्या आपण तयार करते. शाळेची स्मरणिका चढवली की पानं उलटत वाचायची सोय होते. भाषेच्या रकान्यात मराठी निवडायला विसरू नका. तेवढं केलं तर देवनागरी छपाईची अक्षरओळख बऱ्यापैकी होते आणि आतल्या मजकुरातही शोधता येतं. परवान्याचाही आग्रह नाही. कुटुंबाला व्यापारी वापर नको असेल तर तसा परवाना निवडता येतो, किंवा कुठलाच न निवडता ठेवता येतं.

काही बारीक गोष्टी आधी माहीत असाव्यात. प्रत्येक नोंदीला जो कायमचा पत्ता मिळतो तो रोमन अक्षरांतच असतो आणि एकदा ठरला की आपल्याला बदलता येत नाही. शीर्षक नुसतं देवनागरीत दिलं तर पत्त्यात तारखेचे आकडे येऊन बसतात, मग तो ना लक्षात राहतो ना फोनवर सांगता येतो. म्हणून चढवतानाच गावाचं नाव, वस्तू आणि साल असा पत्ता हातानं लिहावा. गावाच्या नावाचा वेगळा संग्रह हवा असेल तर साधारण 50 नोंदी झाल्यावर मागणी करता येते, तोवर आपल्या नोंदी लाखो नोंदींत विखुरलेल्या राहतात. ऑक्टोबर 2024 मध्ये सायबर हल्ल्यामुळं आर्काइव्ह काही दिवस बंद होतं, आणि ऑगस्ट 2017 मध्ये न्यायालयाच्या आदेशामुळं भारतात काही काळ उघडत नव्हतं. दोन्ही वेळा ते पुन्हा सुरू झालं. मी हे भीती घालायला सांगत नाही. कुठंही ठेवा, एक प्रत हार्ड डिस्कवर आणि दुसरी दुसऱ्याच्या घरच्या हार्ड डिस्कवर असावीच.

विकिमीडिया कॉमन्स

2004 मध्ये सुरू झालेलं हे भांडार विकिपीडियाच्या घरातलंच. मराठी विकिपीडियावरच्या लेखांत दिसणारे बहुतेक फोटो इथूनच येतात. फाइलीचं नाव देवनागरीत देता येतं, वर्णन मराठीत लिहिता येतं, आणि गाव, वास्तू, विषय असे वर्ग लावून एकेका गावाचा सगळा ठेवा एका पानावर येतो. त्यासाठी 50 नोंदींची वाट बघावी लागत नाही.

पण कॉमन्स सोपं नाही, आणि तुम्हाला फशी पाडायचं नसेल तर हे मला आधी सांगायला हवं. तिथं पहिला प्रश्न हक्कांचा. आजोबांचा फोटो आपल्या घरात आहे म्हणून तो आपला होत नाही, हे समजून घ्यायला लोकांना जड जातं. फोटोचा कॉपीराइट सहसा काढणाऱ्याचा असतो. स्टुडिओतून पैसे देऊन काढवून घेतलेला असेल तर, वेगळा करार नसल्यास, तो काढवून घेणाऱ्याचा, आणि त्याच्यामागं त्याच्या वारसांचा. भारतीय कायद्यात लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. जुन्या फोटोंची मुदत मोजायचे नियम काळानुसार बदलत गेलेत, म्हणून प्रत्येक फोटोला योग्य तो साचा, म्हणजे हक्कांची ठरावीक नोंद, लावण्यासाठी तिथली मदतीची पानं वाचावी लागतात. ‘माझं स्वतःचं काम’ असं लिहून जुना फोटो चढवला की कोणीतरी तो हटवण्याचा प्रस्ताव टाकतो, आणि त्यावरची चर्चा बहुतेक इंग्रजीत चालते. हक्कधारक हयात असेल तर त्यानं ईमेलनं परवानगी द्यायची असते. आमच्याकडं ज्यांचा हक्क आहे ते गृहस्थ ऐंशीच्या घरात, आणि ईमेल नातवाचा. शेवटी नातवाच्या शेजारी बसवून, मजकूर वाचून दाखवून, त्यांच्या होकारानं तो पाठवावा लागतो. वेळ जातो.

दुसरी अडचण मनाची. कॉमन्सवर ठेवलेली वस्तू कोणीही वापरू शकतो, व्यापारासाठीसुद्धा, आणि दिलेला परवाना परत घेता येत नाही. आजोबांचा फोटो कोणी कॅलेंडरवर छापला तर, असं घरचे विचारतात. त्यांचं विचारणं रास्त आहे. ज्या घरांनी नको म्हटलं त्यांचे फोटो आम्ही तिथं ठेवले नाहीत, आणि कोणाला पटवत बसलोही नाही.

तिसरी अडचण आवाजाची. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग ज्या स्वरूपात असतं त्या स्वरूपात कॉमन्स ते सहसा घेत नाही. एमपी4 चालत नाही, एमपी3 चढवायची मुभा मोजक्या सदस्यांना असते. फाइल ऑग किंवा वेबएम स्वरूपात बदलून घ्यावी लागते. एकदा शिकलं की जमतं, पण गावातल्या मास्तरांना फोनवरून हे शिकवणं कठीण जातं.

आता स्वतः काढलेल्या फोटोंबद्दल. वेशी, हवेल्या, मंदिरं, चौकात कायमचा बसवलेला पुतळा, यांचे फोटो आपणच काढले असतील तर भारतीय कायदा आड येत नाही. जुन्या हस्तलिखिताच्या पानाचा सरळ फोटोही कॉपीराइटच्या दृष्टीनं चालतो. अर्थात पोथी ज्यांच्या भांडारातली आहे त्यांना विचारल्याशिवाय ती चढवू नये. हा प्रश्न कायद्याचा नसला तरी विश्वासाचा आहे, आणि तो एकदा गेला की पुढचं कपाट उघडत नाही.

इथवर वाचून पारडं आर्काइव्हकडं झुकल्यासारखं वाटेल. सोय, वेग, स्वीकार, सगळ्यांत ते पुढं आहे. तरीही आम्ही आमचे फोटो कॉमन्सवर नेले.

फोटो कोणत्या कारंज्याचा?

एका डिजिटल संग्रहात, त्याचं नाव लिहीत नाही, एक जुना फोटो आमच्या नजरेला पडला. कमानीखाली बैलगाडी उभी, जुवावर हात टेकून एक माणूस, डावीकडं फळ्यांची दारं असलेलं दुकान, आणि वरच्या दगडांच्या फटीतून निघालेलं पिंपळाचं रोप. खाली लिहिलेलं: कारंजा, जिल्हा वर्धा.

वर्धा जिल्ह्यात कारंजा आहे, पण ते कारंजा घाडगे. दोन्ही विदर्भातली, दोन्ही तालुक्याची ठिकाणं, दोहोंत सव्वाशे-दीडशे किलोमीटरचं तरी अंतर. बाहेरच्याचा गोंधळ होणं मी समजू शकतो. त्यात आमच्या गावाचा जिल्हाही बदलत आलेला. 1908 च्या इंपीरिअल गॅझेटिअरात कारंजा अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यात आहे. 1 जुलै 1998 ला वाशीम जिल्हा झाला तेव्हा ते तिकडं आलं. जुन्या कागदावर अकोला, नव्यावर वाशीम, आणि घाईत काम करणाऱ्याच्या यादीत वर्धा.

फोटोची छापील प्रत घेऊन आम्ही आमच्या गल्लीतल्या एका वडीलधाऱ्या काकाजींकडं गेलो. त्यांनी चष्मा पुसला, फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, “हे तं आपली दारव्हा वेस होय. वर्ध्याले कायले नेऊन ठेवली बाप्पा यायनं?” मग त्या दुकानावर बोट ठेवून दुकान कोणाचं ते सांगितलं. ते दुकान त्यांच्या लग्नाच्या आधीच पडलं होतं, म्हणजे फोटो त्याहून जुना, हेही त्यांनीच काढलं. गाडीवाल्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. ते पुढं दुसऱ्याच एका घरी कळलं.

एवढी माहिती हाती आली, पण ती घालायची कुठं? संग्रहाच्या पानावर दिलेल्या ईमेलवर लिहिलं, पत्र परत आलं. ज्यांनी हे काम केलं होतं ते दुसरीकडं गेलेले, त्यांच्या जागी आलेल्यांना त्या खात्याचा पासवर्ड ठाऊक नाही. फोटो आजही तसाच आहे. मधल्या काळात एका शाळेच्या प्रदर्शनात तोच फोटो त्याच ओळीसह मोठा छापून लावलेला दिसला. पोरांनी तो शोधून, निगुतीनं चिकटवून लावला होता. त्यांना काय बोलणार? त्यांनी जिथून घेतला तिथं तसंच लिहिलं होतं.

आमच्यापुरता निर्णय या कटकटीनं केला. गावाच्या फोटोचं मोल त्याच्या खालच्या ओळीत असतं, आणि ती ओळ एका बैठकीत कधीच पूर्ण होत नाही. एकाला जागा ओळखू येते, दुसऱ्याला माणूस, तिसरा साल सांगतो, आणि हे तिघं एकाच दिवशी भेटत नाहीत. काही वेळा तिसरा भेटेपर्यंत पहिला राहिलेला नसतो. म्हणून फोटो जिथं ठेवायचा तिथं ती ओळ आपल्यानंतरच्या कोणालाही दुरुस्त करता आली पाहिजे.

या एका कसोटीवर दोन्हींत मोठा फरक पडतो. इंटरनेट आर्काइव्हवर नोंदीचं शीर्षक, वर्णन, ठिकाण बदलायचा अधिकार ज्यानं ती चढवली त्याच्या खात्याला आणि तिथल्या व्यवस्थापकांना. इतरांनी फार तर खाली अभिप्राय लिहायचा. अभिप्रायात कोणी कितीही अचूक लिहिलं तरी वरचं शीर्षक तेच राहतं, आणि शोधणारा माणूस शीर्षक-वर्णनावरूनच येतो. ज्या संस्थेत माणसं टिकून आहेत, खाती सांभाळली जातात, तिला याचा त्रास होणार नाही. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथं हे काम करणारा आज एक असतो आणि उद्या त्याची बदली होते, तिथं ही मोठीच अडचण.

कॉमन्सवर वर्णन कोणीही सुधारू शकतो. काकाजींचा नातू नागपुरात बसून सुधारू शकतो, दारव्ह्याचा कोणी इतिहासाचा विद्यार्थी सुधारू शकतो. आधी काय लिहिलं होतं, कोणी बदललं, कधी बदललं, हे इतिहासाच्या पानावर कायम राहतं. कोणी वेडंवाकडं लिहिलं तर मागची आवृत्ती एका टिचकीसरशी परत आणता येते. मतभेद असले तर चर्चेच्या पानावर दोन्ही बाजू लिहून ठेवता येतात. एका फोटोवर आमच्याकडं दोन घरांचं एकमत झालेलं नाही. दोघांची म्हणणी तिथं शेजारी-शेजारी आहेत, आणि मला ते योग्य वाटतं. विकिडेटा या विकिपीडियाच्याच परिवारातल्या माहितीसाठ्यात दोन्ही कारंज्यांच्या वेगवेगळ्या नोंदी असल्यानं फोटो एकदा योग्य गावाशी जोडला की तो वर्ध्याला जायची भीती बरीच कमी होते.

आणि एक सोय अशी आहे की तिच्यासाठी मी कॉमन्सचे बाकी सगळे त्रास सोसले. लॉगिन केल्यावर फोटोवर टिपण जोडता येतं. समूहफोटोत एकेका चेहऱ्याभोवती माउसनं चौकट आखायची आणि आत नाव लिहायचं. नंतर कोणीही त्या चेहऱ्यावर माउस नेला की नाव दिसतं. जिनिंगच्या आवारातला तीन रांगांचा एक फोटो आहे आमच्याकडं. मुनीम खुर्च्यांवर, मागं उभे मिस्त्री आणि फिटर, पुढं जमिनीवर मांडी घालून बसलेली पोरं. ‘डावीकडून तिसरे’ अशी यादी खाली लिहिली की मोजणीत कोणाचं तरी नाव सरकतंच, मागच्या रांगेत अर्धवट झाकलेला माणूस धरायचा की नाही यावर वाद होतो. चौकटीत तो वादच राहत नाही. त्यातल्या एकाला त्यांच्या सुनेनं, म्हणजे आता स्वतः पणजी झालेल्या आजींनी, खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या घडीवरून ओळखलं. चेहरा पुसट होता, पण घडी त्यांच्या रोजच्या पाहण्यातली. ते नाव आता त्या चेहऱ्यावर आहे. हयात माणसांची नावं मात्र त्यांना विचारल्याशिवाय घालू नयेत.

यावरून स्कॅनिंगबद्दल एकच सांगतो. फोटोची मागची बाजू स्कॅन करा. पेन्सिलीनं लिहिलेली तारीख, स्टुडिओचा शिक्का, ‘चि. बाळूस’ असली एखादी ओळ, हे सगळं मागं असतं. मोबाइलवरच्या स्कॅनिंगच्या अ‍ॅपमध्ये कागद पांढराशुभ्र करणारी जी सोय असते ती बंद ठेवा, पेन्सिलीची रेघ पहिल्यांदा तीच खाते. मागच्या बाजूला मोडी असली तरी सोडू नका. आज ती तुम्हाला वाचता आली नाही तरी कॉमन्सवर असली तर वाचता येणारा कोणीतरी ती उतरवून ठेवेल.

काय कुठं गेलं

आवाजाच्या बाबतीत मी आर्काइव्हचाच सल्ला देईन. म्हाताऱ्या माणसांची वऱ्हाडीतली बोलणी, शकुंतलेत गार्डाला हाक मारून मधेच उतरल्याच्या गोष्टी, गाडीच्या वाफेच्या इंजिनाच्या आठवणी, जे इंजिन एप्रिल 1994 मध्ये जाऊन डिझेल आलं. हे मोबाइलवर रेकॉर्ड करून जसंच्या तसं चढवता येतं, आणि त्यात दुरुस्ती करायची वेळ फोटोइतकी येत नाही, कारण बोलणारा स्वतःच सांगत असतो. सुरुवातीला नाव, गाव आणि तारीख त्याच्याच तोंडून म्हणवून घ्यावी.

स्मरणिका आणि छापील पुस्तिका यांत दोन्ही बाजूंना वजन आहे. हक्क स्पष्ट नसेल तर आर्काइव्ह. हक्क संपला असेल किंवा संस्थेनं मोकळा केला असेल तर पीडीएफ कॉमन्सवर चढवून मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या परिवारातल्या मोकळ्या ग्रंथालयात, तिचा मजकूर उतरवता येतो. तिथं पानांना रंग असतात, अजून न तपासलेलं लाल, एकदा तपासलेलं पिवळं, दुसऱ्यानं पडताळलेलं हिरवं. महाविद्यालयातली पोरं या कामात छान रमतात. वेग कमी, पण मजकूर शुद्ध होतो. शंभर पानांच्या वर असेल तर आधी आर्काइव्हवर ठेवून मोकळं व्हावं, विकिस्रोताचं सावकाश बघता येतं.

एक प्रकारचे कागद आम्ही कुठंच चढवले नाहीत. एका घरातून सावकारीच्या जुन्या वह्या मिळाल्या. कोणाची किती जमीन कशापायी गहाण पडली, सगळं अंगठ्यांसकट त्यात आहे. कापसाच्या गावाचा इतिहास समजून घ्यायला त्याहून मोलाचं साधन नसेल. पण त्यातली आडनावं आजही गावात आहेत, त्यांची नातवंडं शाळेत जातात. स्कॅन करून हार्ड डिस्कवर ठेवल्यात, यादीत नोंद आहे, आणि कोणी अभ्यासक आला तर समोर बसवून दाखवायच्या असं ठरवलंय. इथं दोन पर्यायांची तुलनाच लागू होत नाही.

तुमच्याकडं मुख्यतः रेकॉर्डिंग असतील, किंवा घरांना मोकळा परवाना द्यायचा नसेल, किंवा इंग्रजीतल्या चर्चांना उत्तरं द्यायला कोणी नसेल, तर आर्काइव्ह घेतलं म्हणून काही बिघडत नाही. फक्त खातं एका माणसाच्या ईमेलवर काढू नका. वाचनालयाच्या किंवा मंडळाच्या नावानं ईमेल काढा, पासवर्ड तिघांकडं लिहून ठेवा, आणि नवी कार्यकारिणी आली की दप्तराबरोबर तोही सोपवा. फोटो जास्त असतील, आणि ओळखणारी माणसं गावभर पसरलेली असतील, तर कॉमन्सचा त्रास घ्यावा असं मला वाटतं.

आणि सुरुवात समूहफोटोंपासून करावी. वेशी आणि हवेल्या पुढच्या वर्षीही तिथंच असतील. लॅपटॉपवर म्हाताऱ्या माणसांना नीट दिसत नाही, म्हणून फोटोची मोठी छापील प्रत न्यावी, प्रत्येक चेहऱ्याला पेन्सिलीनं आकडा घालावा आणि सांगतील ते वहीत त्या आकड्यापुढं उतरवून घ्यावं. शेतीची कामं चालू असताना सकाळी कोणाला वेळ नसतो, दुपारच्या जेवणानंतर गेलेलं बरं. घरी येऊन चौकटी आखताना ज्यांची नावं मिळाली नाहीत त्यांच्याभोवतीही चौकट आखावी आणि आत ‘ओळख पटलेली नाही’ असं लिहावं. रिकाम्या चेहऱ्यावरून बघणाऱ्याची नजर पुढं सरकते. चौकट दिसली तर तो थांबून बघतो, आणि आमच्या यादीतली कितीतरी नावं अशाच चौकटींवर थांबलेल्या लोकांनी भरलीत.